हमिंगबर्डच्या फीडरवर मुंग्या आणि गांधीलमाश्या: काय करू?

ओसरी | ९ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मुक्काम मध्य न्यूजर्सी, टाउनहाउस, मागे चार खुर्च्या कशाबशा मावतील एवढा डेक. मागच्या वर्षी हौसेने हमिंगबर्डचा फीडर (या इवल्या पक्ष्याला साखरपाणी ठेवायचं भांडं) आणला आणि अख्खा उन्हाळा वाट बघण्यात गेला. यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक नर आला. गळ्यावर ऊन पडलं की लाल निखारा, मान वळवली की काळा. तेव्हापासून सकाळचा चहा सगळ्यांचा डेकवरच होतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आहेत, त्यांनी त्याचं नाव 'भुंग्या' ठेवलंय, कारण दिसायच्या आधी तो ऐकू येतो.

तर तक्रार अशी. जूनअखेरपासून फीडरवर मुंग्यांची रांग लागते. आत बुडून मरतात, भोकांत अडकतात. गेल्या आठवड्यापासून त्यात पिवळ्या गांधीलमाश्यांची भर पडली. भुंग्या येतो, समोर अधांतरी थांबतो, माश्या बघतो आणि निघून जातो. खाली डेकवर साखरपाणी ठिबकून चिकचिकाट झालाय तो वेगळाच. फीडर उलट्या बाटलीचा आहे, लाल बूड आणि त्यावर पिवळी प्लास्टिकची फुलं. साखरपाणी घरीच करते.

सासूबाईंनी काल कठड्यावर हळदीची रेघ ओढली. मुंग्या दहा मिनिटं थबकल्या, मग खांबावरून फिरून आल्या. औषध फवारायचं नाहीये. काय करू?

---

नाना_फिली | १० जुलै, सकाळी ६:०५

ओसरीताई, तुमच्या सासूबाईंच्या वयाची माणसं फडताळ विसरली कशी? आमच्या चिपळूणच्या घरात जाळीचं फडताळ होतं. त्याच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या. आत दूध, साय, गूळ, लाडू, आणि मुंगीची आत शिरायची टाप नव्हती. कधी एखाद्या वाटीतलं पाणी आटलं तर संध्याकाळपर्यंत लाडवांवर वारूळ आणि आजीच्या तोंडचा पट्टा सुरू.

फीडरला तेच करायचं, फक्त उलटं. फीडर टांगलेला असतो म्हणजे मुंगी वरून येते, तेव्हा वाटी वर हवी. आकडा, त्याखाली पाण्याची वाटी, वाटीखाली फीडर. इथे पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानात तयार मिळते, 'अँट मोट' म्हणून मागा. मी विकत घेतली नाही. स्प्रेच्या डब्याचं जाड प्लास्टिकचं टोपण घेतलं, मधोमध भोक पाडलं, जाड तार आरपार घातली, दोन्ही टोकांना आकडे वळवले आणि भोक देशातून आणलेल्या एमसीलने बुजवलं. सात उन्हाळे झाले.

त्यात साधं पाणीच घाला. तेल, साबण काहीही नको. चिमण्या आणि चिकाडी त्यातलं पाणी पितात, मी रोज बघतो.

---

दादा_ह्यूस्टन | १० जुलै, सकाळी ९:३०

एवढा खटाटोप कशाला? तारेला व्हॅसलीन फासा. मुंगी चढत नाही, विषय संपला. सहा वर्षं लावतोय.

---

चिकूची_बाग | १० जुलै, सकाळी ११:१८

दादा, ते नका करू हो. पक्ष्याचा पंख त्या तारेला घासला आणि तेलकट थर पिसांना लागला की त्याला तो काढता येत नाही. पाण्याने जात नाही, चोचीने निघत नाही. तीन ग्रॅमचा जीव, सगळं उडणं त्या पिसांवर. शिवाय तुमच्या ह्यूस्टनच्या उन्हात व्हॅसलीन तारेवरून वितळून थेट फीडरवरच येत असणार.

---

दादा_ह्यूस्टन | १० जुलै, दुपारी १२:०२

सहा वर्षांत एकही पक्षी मेलेला बघितला नाही.

---

चिकूची_बाग | १० जुलै, दुपारी १२:४०

मेलेला हमिंगबर्ड कोणाला दिसतो, दादा? अंगठ्याएवढा पक्षी गवतात पडला की संपलं.

---

नाना_फिली | १० जुलै, दुपारी १:१५

भांडू नका. वाटीतल्या पाण्यात वंगणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

---

मधाळ_ऑस्टिन | १० जुलै, रात्री ११:५०

घरामागे मधमाश्यांच्या तीन पेट्या आहेत, त्यामुळे माझ्या घरचे आरोपी आणि फिर्यादी एकाच अंगणात राहतात. जरा सविस्तर लिहितो.

ओसरी, आधी बाटलीचा विषय. उलट्या बाटलीत साखरपाणी टिकतं ते आतल्या कमी झालेल्या हवेच्या दाबामुळे. पाणी संपत जातं तशी वर हवेची जागा वाढते. दुपारी ऊन लागलं की ती हवा तापून प्रसरण पावते आणि पाण्याला खाली ढकलते. ठिबकतं ते हे. म्हणून अर्धी रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त गळते. तो थेंब खाली पडला की वास सुटतो, मुंगी येते, माशी येते, रात्री आणखी कोण कोण येतं. गळणारा फीडर ही उघड्यावर मांडलेली पंगत आहे. बाकीचे उपाय नंतर, आधी गळती बंद.

दोन मार्ग आहेत. पहिला, फीडर दुपारच्या उन्हातून हलवणे आणि छोटी बाटली वापरणे. दुसरा आणि चांगला, बशीसारखा फीडर घेणे. त्यात पाणी खाली आणि भोकं वर झाकणात असतात. दाबाचा खेळच नसल्याने ठिबकत नाही. वर आणखी एक फायदा: मधमाशीची जीभ साधारण ६-७ मिलिमीटर. तुमच्या न्यूजर्सीतल्या रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डची चोचच १५ मिलिमीटरच्या पुढे, आणि जीभ त्याहून बाहेर निघते. बशी काठोकाठ भरू नका. पाणी झाकणाच्या सेंटिमीटरभर खाली ठेवलं तर पक्ष्याला मिळतं, माशीला वासच मिळतो. चार दिवस झाकणावर भिरभिरेल, मग कंटाळेल.

पिवळी फुलं उपटून टाका. माशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पिवळा मात्र छान दिसतो. बनवणाऱ्यांनी ती फुलं का लावली हे त्यांनाच ठाऊक. निघत नसतील तर लाल नेलपॉलिशने रंगवा, पूर्ण वाळू द्या, भोकाच्या आत जाऊ देऊ नका.

प्रमाण काय घेता?

---

ओसरी | ११ जुलै, सकाळी ७:२०

१ वाटी साखर, ३ वाट्या पाणी. जरा गोड असलं तर येतील म्हणून. 🙈

---

मधाळ_ऑस्टिन | ११ जुलै, सकाळी ८:४४

तिथेच घोळ आहे. १ ला ४ करा. साधी पांढरी साखर, दुसरं काही नाही. जितकं गोड कराल तितकं ते माश्यांच्या पसंतीचं होतं. माश्यांनी उच्छाद मांडला तर काही दिवस १ ला ५ सुद्धा चालतं, पक्षी घेतात, माश्या नाक मुरडतात.

आणि माश्या नक्की कुठल्या ते बघा. अंगावर लव, रंग मळका सोनेरी, तर मधमाशी. गुळगुळीत, चकचकीत पिवळे-काळे पट्टे, कंबर बारीक, तर यलोजॅकेट, म्हणजे पिवळी गांधीलमाशी. दोघींचा हिशोब वेगळा. मधमाशी अन्न सापडलं की पोळ्यात जाऊन नाचून पत्ता सांगते, मग शेकड्याने येतात. फुलं असली तर ती फीडरकडे ढुंकूनही बघत नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नसतो, फुलं करपतात, तेव्हाच ती येते. अशा वेळी मी फीडर संध्याकाळी उतरवतो, दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा फूट लांब टांगतो. पक्षी तासाभरात शोधतो. माश्या जुन्याच जागी हवेत घिरट्या घालत बसतात. बघायला वाईट वाटतं खरं तर.

---

गूळपोळी | ११ जुलै, सकाळी १०:०५

साखरेऐवजी मध किंवा गूळ चालेल का? आम्ही घरात साखर वापरतच नाही.

---

चिकूची_बाग | ११ जुलै, सकाळी १०:३१

नाही. मधाच्या पाण्यात बुरशी फार पटकन धरते. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, तेवढं त्या पक्ष्याला सोसत नाही. शुगर-फ्री पावडर तर अजिबात नको, ती खाऊन पक्षी उपाशी मरेल. लाल रंगही घालू नका, फीडरचं लाल बूड पुरतं.

तुम्ही खाऊ नका साखर. पक्ष्याला डायबेटिस नाही. 🙂

---

ओसरी | १३ जुलै, रात्री ९:०८

हप्ता पहिला. नानांची वाटी केली! एमसील नव्हतं, ग्लू गनने भागवलं. सासूबाईंना फडताळ म्हटल्याबरोबर आठवलं, "अगो, आमच्याकडे पितळेच्या वाट्या होत्या" म्हणाल्या आणि हळदीचा डबा आपणहून आत गेला. (डेकच्या लाकडावर पिवळा पट्टा राहिलाय. भाड्याचं घर आहे. यावर कुणाकडे उपाय?)

पहिल्या दिवशी मुंग्या शून्य. दुसऱ्या दिवशी परत रांग! अर्धा तास डोळ्यांत तेल घालून बघितलं तेव्हा उलगडलं. शेजारच्या मेपलची एक फांदी वाऱ्याने येऊन फीडरच्या कडेला टेकत होती. मुंग्यांनी वाटीला वळसा घालून थेट पूल गाठला होता. फांदी कापली. आज शून्य.

---

नाना_फिली | १४ जुलै, सकाळी ५:५८

शाब्बास. पूल एकच नसतो. वाटीत मेलेल्या मुंग्या आणि पानं साचली की त्यांच्यावरूनही पलीकडे जातात. दर दोन-तीन दिवसांनी वाटी ओतून धुवा, म्हणजे डासांची अंडीही वाढत नाहीत. आणि जुनी रांग जिथून जायची ती वाट व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढा. त्यांनी वास सोडून खूण केलेली असते, नव्या मुंग्या ती खूणच धरून चालतात.

हळदीच्या डागाला ऊन. महिनाभर थांबा.

---

सॅन_होजेची_सई | १४ जुलै, दुपारी ४:२६

तुमच्याकडे बरं, हिवाळ्यात सगळं थंड होतं. आमच्याकडे अ‍ॅनाज हमिंगबर्ड बाराही महिने आणि मुंग्याही बाराही महिने. इथल्या मुंग्या अर्जेंटिनाहून आलेल्या, इवल्याशा तपकिरी. त्यांची वारुळं आपसांत भांडत नाहीत, त्यामुळे शेजारच्या घरच्या आणि माझ्या घरच्या मुंग्या एकाच कुटुंबातल्या. हिवाळ्यातला पहिला पाऊस पडला की सगळं कुटुंब माझ्या स्वयंपाकघरात.

उन्हाळ्यात माझी अडचण वेगळीच, वाटी दुपारी कोरडी पडते. सकाळी भरून ऑफिसला गेले की संध्याकाळी आत काळा थर. म्हणून मी मोठी वाटी घेतली आणि वर फीडरला सावली देणारं प्लास्टिकचं पसरट घुमट झाकण टांगलं. पाणी कमी आटतं, फीडरही थंड राहतो. शिवाय दुसरा छोटा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा. एक नर आख्ख्या बॅकयार्डचा पाटील झाला होता, कुणाला फिरकू देत नव्हता.

उंदरांचं कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे रूफ रॅट तारेवरून चालत येतात. माझा फीडर गळायचा तेव्हा रोज रात्री पावलांचे ठसे. गळणं थांबलं तसे तेही थांबले. ससेमिरा सुटला.

---

डोंगराळ_ससेक्स | १५ जुलै, सकाळी ७:५०

न्यूजर्सीचाच, पण वायव्येकडचा कोपरा. तुमच्या मुंग्या मला द्या, माझं अस्वल तुम्ही घ्या.

दोन वर्षांपूर्वी सकाळी उठून बघतो तर लोखंडी खांब कमरेत वाकलेला, फीडर झाडीत, चावून चपटा. तेव्हापासून अंधार पडायच्या आत फीडर गराजमध्ये, उजाडल्यावर बाहेर. अस्वल आठवड्यात दोनदा दिसलं तर सरळ महिनाभर बंद. न्यूजर्सीत काळी अस्वलं आता सगळ्या २१ काउंट्यांत दिसतात आणि त्यांना मुद्दाम खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा मध्य न्यूजर्सीवाल्यांनीही फार हसू नये.

---

ओसरी | १५ जुलै, सकाळी ८:१५

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. आता त्या संध्याकाळी सातनंतर डेकचं दार उघडू देत नाहीत.

---

टूसॉनकर | १५ जुलै, रात्री ११:३३

अ‍ॅरिझोनातून सलाम. आमच्याकडे रात्रीचा पाहुणा वटवाघूळ असतो.

नवीन आलो त्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टअखेर रोज सकाळी फीडर ठणठणीत रिकामा. गळती नाही, खाली ओल नाही. मला वाटलं रॅकून. एका रात्री खुर्ची टाकून बसलो. साडेनऊच्या सुमारास काहीतरी सुईसुई आवाज, फीडर हलला, पुन्हा हलला. टॉर्च मारला तर एकामागून एक वटवाघळं, क्षणभर टेकून लांब जीभ घालून पसार. मेक्सिकोतून येतात, निवडुंगाच्या आणि अगेव्हच्या फुलांतला मध पितात, परागीभवन करतात. दोन जाती येतात. त्यांतली लेसर लाँग-नोज्ड पूर्वी संकटग्रस्तांच्या यादीत होती, २०१८ मध्ये संख्या सुधारली म्हणून यादीतून काढली. अमेरिकेत हे भाग्य लाभलेलं ते पहिलं वटवाघूळ.

हे कळल्यावर मी उपाय शोधायचं बंद केलं. इथे पुष्कळ लोक रात्री आणि सकाळी फीडरमधली पातळी मोजून नोंद ठेवतात, अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. बायको म्हणते साखरेचं बिल वाढलं. ते खरं आहे, वीस पौंडांची पिशवी आणावी लागते.

ज्यांना पुरत नाही त्यांनी रात्री फीडर आत घ्या, सकाळी पक्ष्यांसाठी भरून ठेवा. कीड म्हणून त्यांच्या मागे लागू नका, एवढीच विनंती.

---

मुठेकाठी | १६ जुलै, दुपारी २:१० (भारतीय वेळ)

पुण्याहून विचारतो. आमच्या बाल्कनीत जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो, काळा-निळा चकचकीत. त्याला असा फीडर लावला तर चालेल का? मुंग्या इथेही आहेतच.

---

चिकूची_बाग | १६ जुलै, सकाळी ७:०२

तो हमिंगबर्ड नाही, शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच, उत्तर आणि दक्षिण मिळून. तुमचा तो बहुधा जांभळा शिंजीर. जवळून बघा, तो बहुतेक वेळा फांदीवर बसून चोच घालतो, हवेत थांबला तरी क्षणभरच. चोचीवरून दोघे भाऊ वाटतात, पण नातं दूरचं.

फीडरपेक्षा हॅमेलिया लावा. नर्सरीत सहज मिळतो, नारिंगी-लाल नळ्यांची फुलं, वर्षातले बरेच महिने फुलतो. गंमत अशी की ते झाड मूळचं अमेरिकेतलं, इथे त्याला हमिंगबर्डचं झाड म्हणतात. तिकडे जाऊन शिंजीरांचं झालं.

---

मुठेकाठी | १६ जुलै, रात्री ९:४४ (भारतीय वेळ)

बायकोला आठ वर्षं हमिंगबर्ड म्हणून दाखवत होतो. असो.

---

रानमेवा | १७ जुलै, सकाळी ९:०९

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. झाडं लावली असती तर हा धागाच निघाला नसता. बी बाम, कार्डिनल फ्लॉवर, लाल हनीसकल, जुलैनंतर ज्यूलवीड. फुलात मुंगी आली तरी पक्ष्याला फरक पडत नाही, बुरशी लागत नाही, धुवावं लागत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत साखर भरून निसर्गप्रेम कसलं?

---

ओसरी | १७ जुलै, सकाळी ९:३३

रानमेवा, राग नाही, पण ज्या डेकवर मातीच नाही तिथे ज्यूलवीड कुठे लावू? दोन कुंड्यांत लाल साल्व्हिया आहे. भुंग्या तिच्यावरही जातो. फीडर ही जोड आहे. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने काय करावं?

---

मधाळ_ऑस्टिन | १७ जुलै, सकाळी १०:२०

दोघांचंही बरोबर. फक्त एक भर: हमिंगबर्ड नुसत्या गोडावर जगत नाही. चिलटं, बारीक कोळी, मावा खातो, पिल्लांना तर तेच भरवतो. म्हणून मुंग्यांसाठी कीटकनाशक फवारलं की त्याच्या ताटातली भाजी-भाकरीच काढली असं समजा. मी फीडरपासून थोडं लांब केळ्याची साल जाळीत टांगतो. चिलटं जमतात, पक्षी त्यांच्यात घुसून एकेक टिपतो. (बायकोची तक्रार अर्थातच आहे.)

---

दादा_ह्यूस्टन | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

सांगायला आलो होतो. व्हॅसलीन खरंच वितळून फीडरवर आलं, झाकणावर तेलाचा तवंग दिसला. पुसून काढलं, वाटी आणली. पुरे, टोमणे नकोत.

---

नाना_फिली | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०१

टोमणा कोण मारतोय? वाटी कुठली आणलीत?

---

दादा_ह्यूस्टन | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

तयार. लाल. अकरा डॉलर.

---

नाना_फिली | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१२

टोपण फुकट होतं.

---

ओसरी | २३ ऑगस्ट, रात्री ९:५५

हप्ता दुसरा. बशीचा फीडर आणला, झाकण लाल, पिवळं काही नाही, १ ला ४, अर्धीच भरते. ठिबकणं बंद. मुंग्यांची रांग गेली. मधमाश्या आमच्याकडे नव्हत्याच, सगळ्या यलोजॅकेट निघाल्या. जुलैत कमी झाल्या होत्या, पण आता परत वाढल्यात, आणि आत पोचत नसूनही झाकणावर ठाण मांडतात. एकीने सासूबाईंच्या बोटाला डंख केला. चुना लावला. आता?

---

मधाळ_ऑस्टिन | २४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा हंगामच. आत्तापर्यंत कामकरी माश्या अळ्यांसाठी किडे मारून नेत होत्या आणि अळ्या बदल्यात त्यांना गोड रस द्यायच्या. आता पोळ्यात माश्या भरपूर आणि अळ्या कमी, घरचा गोड रस आटला, म्हणून बाहेर गोडावर तुटून पडतात. तुमच्या सरबतावर, पिझ्झावर, फीडरवर.

सापळा लावा, पण फीडरपासून वीसेक फूट लांब, नाहीतर आमंत्रणच होतं. बाटलीत फळांचा रस किंवा घट्ट साखरपाणी, त्यात चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगरमुळे मधमाश्या सहसा शिरत नाहीत, यलोजॅकेट शिरतात. फीडरचं झाकण रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा, पक्ष्याच्या चोचीतून चार थेंब वर सांडतातच. भिंतीत किंवा जमिनीत पोळ्याचं भोक दिसलं तर ते स्वतः बुजवायला जाऊ नका, माणूस बोलवा.

सासूबाईंचं बोट कसं आहे?

---

ओसरी | २४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

बोट ठीक. माशीला अजून शिव्या चालू आहेत.

---

परसातली_मैना | ६ सप्टेंबर, दुपारी १:३७

हा धागा आजच सापडला. मेरीलँडला असते. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही आणि ती मला या आठवड्यात डोळ्यांनी बघावी लागली.

फीडरच्या खाली एक मोठा प्रार्थनाकीटक, हातभर नाही पण बोटाएवढा नक्की, हिरवट तपकिरी, दोन दिवस बसून होता. मला कौतुकच वाटलं, बागेत चांगला असतो म्हणतात ना. मुलाला दाखवला, फोटो काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तर त्याने मादी हमिंगबर्डला मानेला पकडलेलं. मी पळत बाहेर गेले. उशीर झाला होता.

नंतर वाचलं. हा चिनी मॅन्टिस, १८९६ च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळ पहिल्यांदा आढळला आणि मग सगळीकडे पसरला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मॅन्टिसने पक्षी पकडल्याच्या जगभरातल्या १४७ नोंदी गोळा केल्या होत्या, बहुतेक अमेरिकेतल्या, आणि त्यांत बहुतेक हमिंगबर्डच. किडे मारतो म्हणून त्याच्या अंड्यांचे कोष बागेच्या दुकानात विकतात. मीच मागच्या वर्षी आणले होते.

---

चिकूची_बाग | ६ सप्टेंबर, दुपारी २:२०

मैना, वाईट वाटलं गं. तुला कसं माहीत असणार. इथे निम्म्या लोकांना माहीत नसेल.

बाकीच्यांसाठी: फीडरवर, आकड्यावर किंवा जवळच्या फांदीवर मॅन्टिस दिसला की काठीवर घेऊन लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सोडा. परत येतो, परत न्या. इथला मूळचा कॅरोलिना मॅन्टिस लहान आणि करडा असतो, त्याला मारू नका. हिवाळ्यात झाडांवर अंड्यांचे कोष दिसतील. चिनी मॅन्टिसचा गोलसर, फेस वाळून घट्ट झाल्यासारखा. इथल्याचा लांबट चपटा, फांदीला चिकटलेला. दुकानातून कोष आणू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

---

नाना_फिली | ६ सप्टेंबर, दुपारी ३:४४

फिलाडेल्फियाचा माणूस म्हणून मान खाली घालतो. उद्यापासून सकाळच्या फेरीत फीडरचा आकडाही तपासतो.

---

रानमेवा | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

मैना, मॅन्टिस फुलांवरही बसतो आणि तिथेही पकडतो. त्यामुळे माझ्या मागच्या प्रतिसादातलं "धागाच निघाला नसता" हे मागे घेतो.

---

गूळपोळी | १२ सप्टेंबर, सकाळी ११:११

फीडरच्या भोकांत काळे ठिपके दिसतायत. साबणाने धुतलं, जात नाहीत. मुंग्या आहेत का?

---

सॅन_होजेची_सई | १२ सप्टेंबर, दुपारी १२:५०

बुरशी. ताबडतोब उतरव. सगळे भाग सुटे कर, गरम पाणी आणि व्हिनेगरमध्ये तासभर भिजव, बाटली धुवायच्या बारीक ब्रशने भोकं आतून घास, भरपूर पाण्याने खळखळून धू. नाहीच गेली तर अगदी पातळ ब्लीच, मग पुन्हा पुन्हा धुऊन पूर्ण वाळव. पाणी किती दिवसांनी बदलतेस? ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर रोज, ऐंशीच्या घरात दोन दिवसांनी, थंडीत चार-पाच दिवस चालतं. गढूळ दिसलं तर दिवस मोजू नकोस, ओतून दे.

---

गूळपोळी | १२ सप्टेंबर, दुपारी १:०५

दहा दिवसांनी. 😶

---

ओसरी | ४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

हप्ता शेवटचा, यंदाचा. नर ऑगस्टअखेरच दिसेनासा झाला, नर आधी निघतात म्हणे. मग सप्टेंबरभर मादी आणि बहुतेक तिची पिल्लं, दिवसभर रीघ. २७ सप्टेंबरनंतर कुणी नाही. यलोजॅकेट मात्र परवापर्यंत होत्या.

फीडर उतरवला नाहीये. शेजारीण म्हणाली लावून ठेवलास तर पक्षी अडकून पडतील, जाणार नाहीत.

---

मधाळ_ऑस्टिन | ४ ऑक्टोबर, रात्री ९:१६

तसं होत नाही. त्यांना निघायला लावतो तो दिवस लहान होणं. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे ठेव, उत्तरेकडून उशिरा निघालेला एखादा थकून येतो. पुढे मेक्सिकोच्या आखातावरून आठशे किलोमीटर न थांबता जायचं असतं बऱ्याच जणांना. तुझं साखरपाणी त्या शिदोरीत गेलं.

आमच्याकडे सध्या एका फीडरवर बारा-पंधरा. त्यातला एखादा भुंग्याचा नातू असेल.

---

ओसरी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

सासूबाई मागच्या आठवड्यात पुण्याला पोचल्या. पोचल्या पोचल्या हॅमेलिया आणलाय, चिकूने मुठेकाठींना दिलेला प्रतिसाद वाचून. आज सकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवला. शिंजीर आला नाही, पण कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण पडलाय आणि त्यामागे मुंग्या. कुंडी परातीतल्या पाण्यात ठेवली आहे म्हणाल्या. पिठ्या ढेकणावर काय करावं?

---

नाना_फिली | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:४१

परात उत्तम. पिठ्या ढेकणासाठी नवीन धागा काढा, हा हमिंगबर्डचा आहे.